पद्मिनीच्या बॉनेटखाली दुसरं इंजिन

प्रीमिअर पद्मिनीचं बॉनेट उघडून आत वाकलं की कडेनं थेट खालची जमीन दिसते. मधोमध चार सिलिंडरचं छोटं इंजिन, पुढे रेडिएटर, वर एअर फिल्टरचा गोल डबा, आणि उरलेली सगळी मोकळी जागा. पाना घेऊन कुठल्याही बाजूनं हात जातो. आजच्या गाड्यांत बॅटरीचं टर्मिनल सैल करायचं तरी दोन झाकणं काढावी लागतात. त्या सवयीच्या माणसाला ही मोकळी जागा पाहून एकच विचार सुचतो: इथे नवं इंजिन सहज मावेल.

मावतं, यात शंका नाही. पण मावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्याचं काम बॉनेटखाली जेवढं चालतं, त्याहून जास्त चाकांशी आणि गाडीच्या तळाशी चालतं. चांगला मिस्त्री आणि हौशी जोडकाम करणारा यांच्यातला फरक तिथेच कळतो.

मुळात पद्मिनीचं इंजिन किती जुनं आहे ते पाहू. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली आणि 1954 पासून फियाट 1100 तिथे तयार होऊ लागली. 1964 मध्ये ‘डिलाइट’ आली, पुढे काही काळ ‘प्रेसिडेंट’ हे नाव लागलं आणि 1974 पासून ती ‘पद्मिनी’ झाली. नाव बदललं, दिवे बदलले, जाळी बदलली. इंजिन मात्र 1089 सीसीचंच राहिलं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, ही मापं इटलीत 1937 साली आलेल्या फियाट 508 सी या गाडीची आहेत. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईकर ज्या इंजिनाच्या भरवशावर ऑफिस गाठत होते, त्याचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा होता. चाळिशीच्या घरातली अश्वशक्ती, कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंट. त्याची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला होत असे, आणि त्याचं आयुष्य एवढं लांबलं ते त्यामुळेच.

इंजिन बदललेली जुनी गाडी म्हणजे बाटलेली गाडी, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण आपल्या देशातला इतिहास त्यांच्या बाजूनं नाही. ही कलमं खुद्द कारखान्यांनीच केली. प्रीमिअरनं 1985 मध्ये 118 एनई आणली, तेव्हा बॉडी फियाट 124 ची होती आणि इंजिन निस्सानचं ए-12, 1171 सीसी, 52 अश्वशक्तीचं. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा ही मूळची इंग्लंडची व्हॉक्सहॉल. तिला आधी अ‍ॅम्बेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन दिलं, ते त्या भारी देहाला ओढेना, म्हणून पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच इसुझू इंजिन पाच गिअरच्या पेटीसह अ‍ॅम्बेसेडरमध्येही शिरलं. मॉरिस ऑक्सफर्डची बॉडी, जपानी इंजिन आणि हिंदमोटरचा कारखाना, अशी ती गाडी. तिला कुणी खोटी अ‍ॅम्बेसेडर म्हणालं नाही.

परदेशातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं, कारण त्याचं अ‍ॅम्बेसेडरशी नातं आहे. ब्रिटिश एमजीबी या दोन सीटच्या गाडीत ज्या बी-सीरिजचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं धाकटं भावंड अ‍ॅम्बेसेडरमध्ये होतं. केन कॉस्टेलो या ब्रिटिश माणसानं 1970 च्या सुमारास एमजीबीमध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. आठ सिलिंडर असूनही ते अ‍ॅल्युमिनियमचं असल्यानं बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा फारसं जड नव्हतं, त्यामुळे गाडीचं नाक खाली गेलं नाही. 1973 मध्ये कंपनीनंच एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली. एका माणसाच्या वर्कशॉपमधली कल्पना कारखान्याच्या यादीत गेली, ती वजनाचं गणित जुळलं म्हणून. अश्वशक्तीचा आकडा त्यानंतर येतो.

पद्मिनीसाठी इंजिन निवडताना पहिली अडचण दिशेची. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या बाजूला असतो आणि पुढची चाकं फिरतात. पद्मिनीत इंजिन उभं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या चाकांमधलं डिफरन्शिअल. ओळखीच्या कुणाची स्विफ्ट अपघातात गेली आणि तिचं इंजिन स्वस्तात मिळालं, म्हणून काम होत नाही. उभ्या मांडणीची इंजिनं आपल्याकडे मोजकीच. मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं, फ्युएल इंजेक्शन असलेलं 80 अश्वशक्तीचं इंजिन त्यातलं एक. जिप्सीत फोर-व्हील ड्राइव्हची ट्रान्सफर पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मधे एक आखूड शाफ्ट असतो. ती पेटी बाजूला ठेवली की गिअरबॉक्सचं मागचं टोक सरळ पद्मिनीच्या शाफ्टकडे वळवता येतं. ईकोचं इंजिनही उभंच आणि मागची चाकं फिरवणारं. आणि सगळ्यात जवळचं नातेवाईक म्हणजे 118 एनईचं ए-12. ते मुळात 1970 च्या डॅटसन 1200 मधलं, म्हणजे कागदावर तेही नवं नाही. पण ते चपळ आहे, आणि त्याच्या जोडीला पाच गिअरची पेटी मिळते. मला विचाराल तर पद्मिनीच्या अंगाला शोभणारं इंजिन तेच. 52 अश्वशक्ती पद्मिनीच्या हाडांना पेलते. 80 पेलण्यासाठी आधी हाडं बदलावी लागतात.

ही हाडं म्हणजे नेमकं काय? 1953 मध्ये आलेल्या या फियाटला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच घड्या, पेट्या आणि पट्ट्यांच्या रूपानं सगळा भार वाहतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या आतून गंजतात. बाहेरून रंग चकचकीत असतो, स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं की पत्रा आत जातो. त्या गंजक्या पट्ट्यांना दुप्पट ताकदीचं इंजिन जोडलं, तर पहिल्या काही महिन्यांत दरवाजे नीट लागेनासे होतात, मग पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चीर जाते. म्हणून जाणता मिस्त्री इंजिनाबद्दल बोलण्याआधी गाडी लिफ्टवर घेतो, तळाचं मॅट उचलतो आणि वेल्डरला बोलावतो. गाडीमालकाला हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. तो करायला तयार नसणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

यानंतर ब्रेक. ताशी 80 किलोमीटरवरून 120 वर गेलं की वेग दीडपट होतो, पण थांबवताना जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि ड्रम तापला की पकड सोडतो. घाट उतरताना पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, हा अनुभव जुन्या चालकांना चांगला ठाऊक आहे. म्हणून पुढे डिस्क, दोन वेगळ्या सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम सर्व्हो, हे सगळं इंजिनाच्या आधी बसवायचं. जुन्या एकाच सर्किटच्या ब्रेकमध्ये कुठेही नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किट असली तर निदान दोन चाकं हाताशी राहतात. डिस्कचे कॅलिपर अडकवण्यासाठी जो ब्रॅकेट लागतो, तो लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेटमधून कापून, छिद्रं मोजून करून घ्यावा लागतो. भंगारातल्या पट्टीला वेल्डिंग मारून केलेला ब्रॅकेट मी पाहिला आहे, आणि तशा गाडीत बसायची माझी तयारी नाही.

सस्पेन्शनच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, कडक शॉकअप घातले की गाडी रस्त्याला चिकटते. पद्मिनीत पुढे दोन विशबोनच्या मधे कॉइल स्प्रिंग आहे, मागे आडवा अ‍ॅक्सल लांब पाट्यांवर उभा आहे. पुढची स्प्रिंग मूळ इंजिनाच्या वजनाला मापून केलेली. त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा होता, जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे. हलकं इंजिन बसलं की गाडीचं नाक वर येतं, विशबोनचे कोन बदलतात, त्याबरोबर कॅम्बर आणि टो बदलतात, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटू लागतं. मालक म्हणतो, इंजिनात दोष आहे. दोष स्प्रिंगमध्ये असतो. ती नव्या वजनाप्रमाणे बदलायची, झिजलेले किंगपिन आणि बुश नवे घालायचे, आणि मगच अलाइनमेंट करायची. हा क्रम उलटला की अलाइनमेंटचे पैसे वाया.

काही जण पुढच्या विशबोन काढून आधुनिक गाडीचे स्ट्रट बसवतात. हे धोक्याचं आहे. विशबोनच्या मांडणीत स्प्रिंगचा भार खालच्या मजबूत क्रॉस-मेंबरवर येतो. स्ट्रटचा भार वर, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर येतो, आणि तो पत्रा त्यासाठी कधी घडवलेलाच नव्हता. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकतो, मग फाटतो. मूळ मांडणी ठेवून तिचे भाग सुधारले, तर गाडी जास्त टिकते.

मागची गोष्ट वेगळी. पाट्यांवरचा अ‍ॅक्सल जास्त टॉर्क मिळाला की जागच्या जागी पिळतो. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, आणि मागचं चाक रस्त्यावर आपटत उड्या मारतं. हे रोखायला अ‍ॅक्सलपासून बॉडीपर्यंत एक-दोन आडकाठीचे दांडे लावता येतात. किंवा पाटे काढून कॉइल स्प्रिंग, चार लिंक आणि आडवा पॅनहार्ड दांडा अशी नवी मांडणी करता येते. दुसरा मार्ग उत्तम चालतो, पण त्यासाठी बॉडीत नवे आधार वेल्ड करावे लागतात, आणि एकदा ते केले की परतीची वाट बंद होते. ए-12 सारख्या मध्यम ताकदीच्या इंजिनासाठी नवे पाटे आणि चांगले शॉकअप पुरतात. तिथे थांबणं शहाणपणाचं.

इतकं झालं की इंजिन उतरवायचं आणि दुसरं चढवायचं, आणि इथे काम तसं लवकर उरकतं. नव्या इंजिनाचं फाउंडेशन कुठे येईल ते मोजायचं. खालचा ऑइल चेंबर क्रॉस-मेंबरला आपटत असेल तर तो कापून, आकार बदलून, गळती तपासून पुन्हा जोडायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे घेतले तर दोघांना जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट करावी लागत नाही, आणि ती टाळलेली बरी. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्या मध्यरेषा केसभर जरी हुकल्या, तरी बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली की त्याचं बॅलन्सिंग करून घ्यावं लागतं, आणि दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे ठेवावे लागतात. नाहीतर साठच्या पुढे सगळी गाडी थरथरते. स्टिअरिंगवरचा गिअर मात्र जातो. नवी पेटी खालून, जमिनीवरच्या दांड्यानं चालते, आणि पुढे तिघांना बसवणारी ती सलग सीट निरुपयोगी होते. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची.

फ्युएल इंजेक्शन असेल तर आणखी एक जग उघडतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप कार्ब्युरेटरला जेमतेम दाबानं पेट्रोल पुरवतो. इंजेक्शनला साधारण तीन बारचा दाब लागतो, म्हणजे टाकीत किंवा टाकीशेजारी इलेक्ट्रिक पंप आणि दाब सहन करणाऱ्या नळ्या हव्यात. कॉम्प्युटर, क्रँकचा सेन्सर, तापमानाचा सेन्सर, थ्रॉटल, ऑक्सिजन सेन्सर, हे सगळं मूळ गाडीतून वायरिंगसह घ्यावं लागतं. पुष्कळ गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःची चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ देत नाही, म्हणून भंगारवाल्याकडून चावीही मागून घ्यायची. नवं वायरिंग जुन्या वायरिंगला ठिकठिकाणी टाके घालून जोडू नये. दोन्ही वेगळी ठेवावीत, फ्यूज वेगळे असावेत.

उरतो कागद, आणि तोच सगळ्यात अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदावरचा तपशील कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. बाहेर पडण्याची वाट इंधनबदलाची आहे. मंजूर किट लावून सीएनजी किंवा विजेवर गाडी नेता येते, आणि अशा किटच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात कोथरूडला आहे. दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल इंजिन बसवू पाहणाऱ्याला मात्र आरटीओकडे आधी गेल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिन नंबर कागदावर चढला नाही, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पाठ फिरवू शकते. 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, ही तिची अट. पहिल्या पद्मिन्या आता त्या वयाला पोचल्या आहेत. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, आणि इंजिन बदललेली गाडी विंटेज ठरत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांच्या मर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ज्यांना ही गाडी संग्रहालयात न ठेवता रोज चालवायची आहे, त्यांच्यासाठी कायद्यात खाना नाही.

असा खाना करता येतो. ब्रिटनमध्ये बदललेल्या जुन्या गाड्यांसाठी अनेक वर्षं एक गुणपद्धत वापरली गेली. मूळ चासी किंवा बॉडीला पाच गुण, आणि सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. एकूण चौदापैकी आठ टिकले की गाडीची ओळख आणि नंबर कायम. या हिशेबानं ए-12 आणि त्याची पेटी बसवलेल्या पद्मिनीला अकरा गुण मिळतात. मागचं-पुढचं सस्पेन्शनही बदललं तरी नऊ. त्यावर कुणी मूळ स्टिअरिंग काढून दुसऱ्या गाडीचं बसवलं, की सात, आणि ती गाडी पद्मिनी राहत नाही. मिस्त्रीच्या हाताला हे गणित आधीच ठाऊक असतं. आरटीओच्या फॉर्मवरही ते यायला हवं.