गार्टर सापाच्या ताटात काय?

अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळ मुलांना आयुष्यातला पहिला साप दिसतो तो गार्टर. ओढ्याच्या काठी, कुंपणाच्या दगडांत, अगदी परसातल्या हिरवळीतही तो निघतो. दोन-अडीच फुटांची सडपातळ अंगलट, पाठीवर आणि दोन्ही कुशींवर पिवळसर पट्टे. न्यू जर्सीत लेकीकडे गेलेल्या आजीला तो नानेटीसारखा वाटला, तर तिचं फारसं चुकत नाही. नानेटी, पाणदिवड आणि गार्टर हे एकाच उपकुळातले. फरक असा, की आपल्या या दोघी अंडी घालतात आणि गार्टर थेट पिल्लांना जन्म देतो.

तिकडे हा साप हौसेने पाळतात. इतर पुष्कळ पाळीव साप दिवसभर आडोशाला पडून असतात. गार्टर दिवसा जागा असतो, हिंडतो, माणूस जवळ आला की काचेशी येऊन मान उंचावतो. स्वस्त, लहान, माणसाला धोका नसलेला, म्हणून नवशिक्यांना तोच सुचवला जातो. पण त्याचं खाणं सांभाळणं सोपं नाही, आणि पाळलेले गार्टर दगावतात ते अनेकदा खाण्यापायीच.

बाजारात सर्वांत सहज मिळणारं जिवंत खाद्य म्हणजे गोल्डफिश. गार्टर त्यावर तुटून पडतो, मालकालाही समाधान वाटतं. मात्र गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते जीवनसत्त्व ब-1 नष्ट करतं. महिनोन्‌महिने हेच खाऊ घातलं तर सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. डोकं एका बाजूला कलतं, अंगाला पीळ पडतो, उलटा झालेला साप सुलटा होऊ शकत नाही, मग झटके येतात. वेळीच लक्षात आलं तर ब-1 देऊन तो वाचू शकतो. मासे गोठवून हे विकर जात नाही. ते जातं उष्णतेने.

मग द्यायचं काय? गप्पी मासे चालतात. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात तेच. सामन, ट्राउट, तिलापिया यांचे तुकडेही चालतात. गांडुळं त्याला फार आवडतात, पण गांडूळखतासाठी वापरतात ती तांबडी आयसेनिया फेटिडा कटाक्षाने टाळावी. डिवचल्यावर तिच्या अंगातून पिवळट स्राव येतो आणि तो सापाला बाधतो. शिवाय नुसत्या मासे-गांडुळांवर कॅल्शियम कमी पडतं. म्हणून जाणकार पाळणारे त्याला हळूहळू गोठवून वितळवलेल्या उंदराच्या पिल्लांची सवय लावतात. पहिल्यांदा तो तोंड फिरवतो. पिल्लावर माशाचा वास चोळला की चटकन गिळतो. वासावर चालणारा जीव आहे हा.

राहण्याची सोय त्यामानाने सोपी. साधारण तीन फुटांची काचेची पेटी, एका टोकाला 30 अंशांपर्यंत ऊब, दुसरं टोक गार, दोन्हीकडे लपायला जागा आणि पाण्याचं भांडं. खालचा थर मात्र कोरडाच हवा. सतत ओल राहिली तर कातडीवर फोड येतात. झाकणाला कडी हवीच. बोटभर फटीतून पिल्लू सहज निसटतं. हातात घेतल्यावर घाबरला तर तो असा उग्र दर्प सोडतो की साबणानेही लवकर जात नाही. सवय झाली की हे कमी होतं.

गार्टरविषयी मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची सोबतीची ओढ. मॅनिटोबातल्या नार्सिस इथे चुनखडीच्या भेगांमध्ये हजारो गार्टर एकत्र हिवाळा काढतात. एप्रिलच्या अखेरीस ते वर येतात तेव्हा एकेका मादीभोवती डझनावारी नरांचा गुंता होतो. तिथल्या 17 क्रमांकाच्या महामार्गावर पूर्वी हजारो साप चिरडले जात. आता रस्त्याखालून बोगदे आहेत आणि सापांना तिकडे वळवणारं कुंपण आहे. ऑन्टारिओतल्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी 2020 मध्ये 40 कोवळ्या गार्टरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन त्यांनी सापांच्या हालचाली टिपल्या. घोळके मोडून पुन्हा सोडलं तरी साप ठरावीक सोबत्यांपाशीच परतत. सापाला एकटेपणाच बरा, हा समज इथे लागू पडत नाही. जागा पुरेशी असेल तर सारख्या आकाराचे दोन ठेवावेत. खाऊ मात्र वेगवेगळा द्यावा, कारण एकाच माशाची दोन टोकं दोघांनी धरली तर एक दुसऱ्यालाही गिळू लागतो.

परसातला गार्टर उचलून पेटीत घालू नये. त्याच्या पोटात जंत असण्याची शक्यता असते, आणि जॉर्जियासारख्या राज्यात तो पाळणंच बेकायदा आहे. सॅन फ्रान्सिस्को भागातला देखणा गार्टर तर 1967 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. इकडे पाणदिवड पकडून घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. तिकडे राहून पाळायचाच असेल तर घरी पैदास करणाऱ्याकडून पिल्लू घ्यावं, ते सध्या काय खातं हे आधी विचारावं आणि आपल्यासमोर खाताना पाहून मगच घरी आणावं.