केसाएवढा फरक

मुलांनो, पाण्याचा पंप किंवा लहान जनरेटर तुम्ही पाहिला असेल. 2020 नंतर आलेल्या बहुतेक नव्या दुचाकींत कार्बुरेटर नसतो. पण जुन्या स्कूटरींत आणि अनेक लहान पेट्रोल इंजिनांत तो आजही असतो. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणे हे त्याचे काम. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 15 ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे मुख्य काम पितळेचा एक छोटा तुकडा करतो. त्याला जेट म्हणतात. जेटच्या मधोमध बारीक भोक असते. त्यातूनच पेट्रोल पुढे जाते.

भोक फार लहान असेल, तर पेट्रोल कमी पडते. इंजिन तापते आणि पिस्टन अडकून बसू शकतो. भोक फार मोठे असेल, तर काळा धूर येतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि पेट्रोल वाया जाते.

जेटवर एक आकडा असतो. काही कंपन्यांच्या जेटवरील 90 म्हणजे 0.90 मिलिमीटर व्यास. इतर काही कंपन्यांचा आकडा व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो. म्हणून नुसते आकडे पाहून फसू नका.

आता एक हिशेब करा. 0.90 चे भोक 0.99 केले. फरक केवळ 0.09 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका केसाएवढा! पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 1.1 चा वर्ग 1.21. म्हणजे भोकाचे क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढले!

दोन जेटची तुलना घरीही करता येते. बाटलीला नळी लावा आणि नळीच्या टोकाला जेट घट्ट बसवा. बाटलीतील पाण्याची उंची सारखी राखा. एका मिनिटात किती पाणी पडते, ते मोजा. मग दुसरा जेट लावून तसेच करा. या प्रयोगात पेट्रोल कधीही वापरू नका. जेट काढण्याचे व बसवण्याचे काम मोठ्या माणसांकडून, मोकळ्या जागी आणि विस्तवापासून दूर करून घ्या.

जेट तारेने साफ करू नये. ओरखडे पडून भोक बिघडते. ते मोठे करणे सोपे, लहान करणे कठीण. त्यासाठी डाग देऊन भोक बुजवावे लागते आणि नव्याने पाडावे लागते. म्हणून जाणकार मिस्त्री मूळ जेट जपून ठेवतो आणि बदल दुसऱ्या जेटवर करतो. तो आधी मोजतो, मगच हत्यार उचलतो.