आटे आणि अनंत

जुन्या बाजारात आग्फा इझोलेट हाती लागला, की लोक आधी भाता पाहतात, मग शटरचा खटका दाबून बघतात. फोकसची कडी फिरवून पाहणारे थोडेच. त्यांना बहुतेकदा दोनपैकी एक अनुभव येतो. एक तर कडी जागची हलत नाही, किंवा जोर लावल्यावर जडपणे फिरते आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजतं. यातला दुसरा कॅमेरा जास्त फसवा. का, ते समजायला या यंत्राच्या पोटात शिरावं लागतं.

आग्फाच्या म्युनिकच्या कारखान्यात बनणारा इझोलेट दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आला आणि 1960 च्या सुमारापर्यंत त्याची निरनिराळी रूपं निघत राहिली. आपल्याकडे आग्फा म्हटलं की आठवतो तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला क्लिक थ्री. त्यात फोकस करण्याचा प्रश्नच नव्हता. इझोलेट त्याच्या बराच वरच्या इयत्तेतला. बंद केला की कोटाच्या खिशात मावतो, बटण दाबलं की झाकण पडतं आणि भाता ताणून भिंग पुढे येतं. 120 च्या फिल्मवर 6 बाय 6 सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीनपट क्षेत्रफळ, तेही खिशातल्या यंत्रातून. एवढं देणारा कॅमेरा ‘धुरकट फोटो काढतो’ म्हणून माळ्यावर जाऊन पडावा, हा त्याच्यावर अन्याय आहे. दोष जवळजवळ नेहमी एका वंगणाचा असतो.

इझोलेटवरच्या ॲग्नार आणि अपोटार या भिंगांची रचना तीन काचांची. दोन बहिर्गोल, मध्ये एक अंतर्गोल. यॉर्कच्या कुक कंपनीत काम करणाऱ्या डेनिस टेलरने 1893 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे मध्यम किमतीच्या असंख्य कॅमेऱ्यांनी तिच्यावर निभावून नेलं. फोकससाठी सगळं भिंग सरकवायचं, तर 85 मिलिमीटरच्या भिंगाला एक मीटरवरच्या माणसासाठी जवळजवळ 8 मिलिमीटर पुढे यावं लागलं असतं. त्याऐवजी फक्त पहिली काच आट्यांवर फिरवून बाहेर काढली, तर तिच्या आणि मधल्या काचेतलं अंतर वाढतं, भिंगाचं नाभीय अंतरच थोडं कमी होतं आणि कितीतरी कमी हालचालीत काम भागतं. स्वस्त आणि हुशारीची सोय. पण म्हणजे सगळा फोकस पितळेच्या त्या बारीक आट्यांवर अवलंबून राहिला.

त्या आट्यांना आग्फाने जे ग्रीस लावलं, ते वर्षांनुवर्षांत सुकून हिरवट लाखेसारखं कडक झालं. पहिल्या काचेची पितळी चौकट मधल्या काचेच्या चौकटीला घट्ट चिकटली. आता कडीवर जोर केला तर पहिली काच मधलीपासून सुटत नाही. दोघी मिळून शटरमधून बाहेर येऊ लागतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, फोकस फिरतोय. प्रत्यक्षात जे अंतर बदलायला हवं ते तसंच राहतं आणि जे कधीच बदलायला नको ते बदलतं.

दुरुस्तीची सुरुवात कडीच्या काठावरच्या तीन बारीक स्क्रूंपासून होते. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावूनच ते सैल करावेत. पूर्ण काढले तर फरशीवर सापडत नाहीत. कडी उचलली की चिकटलेली जोडी शटरमधून फिरवून बाहेर काढायची आणि लायटरच्या इंधनात बुडवून ठेवायची. या दोन्ही काचा सुट्या बसवलेल्या, कशालाही डिंकाने जोडलेल्या नाहीत, त्यामुळे द्रावकाची आणि हेअर ड्रायरच्या उष्णतेची भीती कमी. (महागड्या सोलिनारमध्ये एक जोडभिंग चिकटवलेलं असतं, पण ते शटरच्या मागे राहतं.) मग दोन पकडी, त्यांच्या जबड्यांत चामड्याचे तुकडे, आणि बेताचा जोर. सुटलं नाही तर पुन्हा बुडवायचं. इथे घाई केली तर पितळ चेपतं, आणि चेपलेली चौकट परत गोल होत नाही.

सुटल्यावर दातांच्या ब्रशने आटे पितळ चमकेपर्यंत साफ करायचे आणि नवं ग्रीस नावापुरतं लावायचं. जास्त झालं तर ते शटरच्या पात्यांवर उतरतं, आणि ती पाती कोरडीच चालतात. मधली चौकट शटरमध्ये पार तळाला टेकेपर्यंत आवळायची. पहिली बसवताना आधी उलटी फिरवावी. एका जागी आटे खाली बसल्याचा सूक्ष्म ‘टक्’ बोटांना कळतो, तिथून सुलटी फिरवली की आटे आडवे चढत नाहीत.

आता अनंताची वेळ. आडव्या आठाची खूण कडीवर कोरलेली असते, पण कडी सुटी केल्यावर त्या खुणेला काही अर्थ उरत नाही. तो पुन्हा ठरवावा लागतो. पाठ उघडून, फिल्म ज्या रुळांवर टेकते त्यांवर दुधी काच ठेवायची, खरखरीत बाजू भिंगाकडे. शटर ‘बी’वर, केबल रिलीज दाबून अडकवलेली, ॲपर्चर 4.5 वर पूर्ण उघडं. आणि समोर खरोखर दूरचं काही हवं. माझ्या पुण्यातल्या गच्चीवरून सकाळच्या स्वच्छ हवेत सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. तो काचेवर उलटा, बोटाच्या पेरापेक्षा खूप लहान उमटतो. काच फिरवत जावं तशी धुक्यातून एक रेघ तयार होते, लख्ख होते, पुन्हा विरते. लख्ख वाटली तिथे थांबू नये, पुढे जाऊन मागे यावं आणि दोन्हीकडच्या विरण्याच्या मधोमध काच ठेवावी. उघड्या ॲपर्चरला फिल्मच्या जागी चुकीची मुभा दोन्हीकडे मिळून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. मग काच जराही न हलवता कडी आठाच्या खुणेवर, अडणीला टेकवून बसवायची आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. आवळताना काच हमखास किंचित सरकते, म्हणून मनोरा परत बघायचा.

हाच क्षण मला या कामात सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्यातल्या कामगारानेही कधी काळी या यंत्राची कडी अशीच जुळवली होती, आणि ते काम आजही घरच्या टेबलावर करता येतं. आकडे कोरलेले असले तरी ते खरे ठरतात ते कुणीतरी डोळ्याने पाहून स्क्रू आवळल्यावर.

अनंत जुळलं, तरी काम अर्धंच. दुधी काचेचे चारही कोपरे तपासावेत. एकच बाजू मऊ दिसली तर भिंगाची पुढची पट्टी वाकली आहे. मग टेपने फिल्मपासून दोन मीटर मोजून तिथे वर्तमानपत्र लावावं आणि कडी दोनवर ठेवावी. अनंत बरोबर आणि दोन मीटर चुकत असेल, तर मधली चौकट तळाला बसलेली नाही किंवा काच दुसऱ्या कॅमेऱ्यातली आहे. ही तपासणी टाळू नये. उघड्या ॲपर्चरला तीन मीटरवर साधारण 2.75 ते 3.3 मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो, आणि माणसांचे फोटो त्याच अंतरावर काढले जातात.

भात्याची परीक्षा सोपी. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावावा, कोपऱ्यांतली भोकं चमकतात. इझोलेटचे भाते या बाबतीत कुप्रसिद्धच. दोनचार भोकं काळ्या रंगाने बुजतात, चाळण झाली असेल तर नवा भाता घालावा. फिल्म घातल्यावर कॅमेरा हळू उघडावा आणि पुढचा फोटो उघडल्यानंतरच गुंडाळून आणावा. झटक्याने ताणलेला भाता हवा ओढतो आणि फिल्म रुळांवरून उचलली जाते.

म्हणून बाजारात दोन इझोलेट समोर आले, तर मी कडी अजिबात न हलणारा घेतो. त्याच्यावर कुणाचा जोर चाललेला नाही. मधली काच कारखान्यात बसवली तिथेच असण्याची शक्यता मोठी, आणि तीन स्क्रूंखाली म्युनिकला जुळवलेलं अनंतही. बुडवून सोडवण्याआधी कडी आणि चौकट यांच्यावर सुईने एक बारीक खूण करून ठेवावी, नंतर गच्चीवर ताळा पाहायला ती उपयोगी पडते.