परश्याच्या उडीला सिम्फनी

2016 च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, लातूर शहराची तहान त्याच्यावर भागते. ते कोरडं पडलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली. त्यानंतर सतरा दिवसांनी, 29 एप्रिलला, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. बाहेर विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि पडद्यावर पायऱ्यांची एक दगडी विहीर पाण्याने भरलेली होती. सिनेमाची नायिका अर्ची मैत्रिणींबरोबर तिच्यात पोहत होती. नायक परश्या जीव तोडून धावत आला आणि त्याने थेट त्या पाण्यात उडी टाकली. मागे ‘याड लागलं’ वाजत होतं.

आमच्याकडे सिनेमाचं गाणं साधारण एक लग्नसराई जगतं. पुढच्या वर्षी डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये नवी गाणी येतात, जुनी निघून जातात. ‘सैराट’ची गाणी मात्र निघाली नाहीत. 2025 च्या मार्चमध्ये सिनेमा पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळी ज्यांना शाळेतही घातलं नव्हतं ती पोरं ही गाणी पाठ म्हणत होती.

‘झिंगाट’ का टिकलं, हे सांगायला फार खोलात जावं लागत नाही. हलगीच्या अंगाचा ठेका, कुणालाही ओरडून म्हणता येईल अशी चाल, वरातीत कुठूनही सुरू करावं आणि कुठेही थांबवावं अशी बांधणी. खरं कोडं आहे ते ‘याड लागलं’चं. हे गाणं नाचायच्या कामाचं नाही. पट्टी इतकी वरची की हौशी गायकाचा आवाज अंतऱ्यापर्यंत टिकत नाही. तरी उसाच्या ट्रॅक्टरवर रात्री ते लागतं, हळदीच्या मांडवात लागतं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी ते म्हणायची हिंमत करतंच. बँजो पार्टीवालेही ते वाजवतात, आणि एवढ्याशा तारांवर वाजलं तरी त्याचा रुबाब कमी होत नाही.

हा रुबाब आला कुठून? या गाण्यांचा वाद्यमेळ संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्टुडिओत, तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला. तो स्टुडिओ पूर्वी एमजीएम कंपनीचा होता, 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत तिथलंच. हॉलिवूडचे मोठमोठे सिनेमे ज्या दालनात सजले, तिथे करमाळ्याच्या मातीतली गोष्ट जाऊन बसली. तीही चार कोटींच्या आसपास खर्चात तयार झालेल्या मराठी सिनेमाची! पैशांचा विचार करणाऱ्या कुणीही तेव्हा सांगितलं असतं की एवढं सगळं कीबोर्डवर भागवता येईल. भागलंही असतं, पण मग परश्या नुसता धावला असता. आज तो धावतो तेव्हा व्हायोलिनचा ताफा त्याच्याबरोबर चढत जातो, ब्रास त्याला उचलून धरतं आणि उडीपर्यंत ऐकणाऱ्याचाही श्वास वर राहतो.

त्यावर या जोडीतल्या अजय गोगावले यांचा आवाज येतो. हा सुगम संगीतातला मऊ, सांभाळून लावलेला आवाज नव्हे. गोंधळाला किंवा भजनाला लागतो तसा मोकळ्या गळ्याचा, वरच्या पट्टीत थोडा खरखरीत होणारा आवाज आहे. खाली परदेशी सिम्फनी, वर गावाकडचा गळा आणि शब्द आष्टी-पाटोद्यात जसे बोलतात तसे. तिन्ही गोष्टी एकमेकींना अवघडून न टाकता नांदतात, त्यातच या गाण्याची सगळी कारागिरी आहे.

मराठी सिनेमाने गावाकडच्या प्रेमाला पूर्वी संगीत दिलंच नाही, असं नाही. ढोलकी दिली, तुणतुणं दिलं, लावणी दिली. दादा कोंडक्यांच्या सिनेमांनी त्याला खट्याळपणा दिला. पण गावातल्या पोराच्या पोटात उठणारा कालवा गंभीर मानावा, त्याच्यामागे शंभर तारा झंकाराव्यात, हा मान क्वचितच मिळाला. तो हिंदीतल्या शहरी नायकाचा, परदेशातल्या बर्फात उभ्या असलेल्या नायकाचा मान होता. ‘याड लागलं’ने तो होडीवर मासे धरणाऱ्या बापाच्या, पारध्याच्या घरातल्या पोराला दिला. त्याचं वेड जगातल्या कुठल्याही प्रेमकथेइतकं मोठं आहे, हे गाण्याने आधी मान्य केलं आणि मग बाकीचं सांगितलं. हे गाणं टिकण्याचं पहिलं कारण मी हेच मानतो.

अजय-अतुल ज्यांना गुरुस्थानी मानतात त्या संगीतकार इलैयाराजांनी हे काम तमिळमध्ये कितीतरी आधी केलं होतं. पन्नैपुरम या खेड्यातून आलेल्या या माणसाचा ‘अन्नकिळी’ हा सिनेमा 1976 सालचा. शेतातल्या चालीखाली पाश्चात्त्य तारवाद्यं घालायची आणि दोहोंपैकी कुणाला लाजवायचं नाही, ही त्यांची रीत. तमिळ खेड्याला मिळालेला हा मान मराठी खेड्यापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली.

दुसरं कारण सिनेमाच्या रचनेत आहे. ‘सैराट’मधली चारही गाणी पूर्वार्धात आहेत. अर्ची आणि परश्या पळून हैदराबादला पोचतात आणि गाणी संपतात. झोपडपट्टी, काम, भांडण, संसार यांना सिम्फनी नाही. शेवटी त्या दोघांचा खून होतो, त्यांचं लेकरू रक्तातून पावलं उमटवत घराबाहेर येतं आणि पडद्यावर कसलाच आवाज उरत नाही. एकदा हे पाहिलेल्या माणसाला ‘याड लागलं’ पुन्हा पहिल्यासारखं ऐकता येत नाही. उडीचा आनंद तोच असतो, पण ती उडी कुठे नेणार आहे हे आता ठाऊक असतं. निव्वळ आनंदाची गाणी कानांना लवकर सरावतात, हे सरावत नाही.

2018 मध्ये ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. त्याच चालीवर अमिताभ भट्टाचार्य यांचे हिंदी शब्द, ‘पहली बार’ हे नाव, उदयपूरचे तलाव आणि हवेल्या. संगीतकार तेच, वाद्यमेळही श्रीमंत. तरी आमच्या गावांत वाजतं ते मराठीच. उदयपूरच्या देखण्या पोराला सिम्फनी मिळाली तर त्यात नवल वाटत नाही.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल जरा स्पष्ट बोलतो. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला उचल कमी, जोडीला जास्त. शिवाय आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोरगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी. मग लग्न उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. त्याच लग्नांच्या मांडवात, जातीतच जमवलेल्या सोयरिकीत, जात मोडली म्हणून मारल्या गेलेल्या दोघांचं गाणं वाजतं. त्याला ढोंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला जे करायला मिळालं नाही, ते त्याने निदान मोठ्याने ऐकावं, एवढीच ती गोष्ट असते.

पोरांना या गाण्यात परश्या दिसतो, हे उघड आहे. पण जिल्ह्यातल्या पोरींनाही ते तितकंच लागतं आणि त्याबद्दल कमी लिहिलं गेलंय. रिंकू राजगुरूची अर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, विहिरीत पोहते आणि उडी टाकणाऱ्या पोराला तिथून बाहेर व्हायला सांगते. गाणं म्हणणारा आवाज पुरुषाचा आहे, पण परश्याचं पुढे काय व्हायचं ते तिच्या हातात असतं. ती त्याच्याकडे बघते, नजर वळवत नाही आणि ठरवते. सोळाव्या वर्षी जिला कुणी काही विचारलं नाही, त्या मुलीलाही हे गाणं पाठ असतं, आणि त्यातली अर्ची तिने कुणालाही न विचारता आपली मानलेली असते.