वेदीवरून अल्बमात

साठ-सत्तरच्या दशकांत बेंगळुरूत टपाल तिकिटं जमवणाऱ्या अनेक पोरांना मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, भेटली ती अरबी वाळवंटाच्या वाटेनं. अजमान, शारजा, फुजैरा या चिमुकल्या अमिरातींच्या नावानं युरोपच्या चर्चमधली चित्रं तिकिटांवर धडाधड छापली जात. पत्राशी त्यांचा संबंध नावापुरताच. शिक्का आधीच मारलेला, रवानगी थेट संग्राहकांच्या पाकिटांत. संयुक्त अरब अमिराती झाल्यावर, १९७२ मध्ये, हा कारखाना थांबला. जाणकार या तिकिटांना आजही नाक मुरडतात. मुरडोत बापडे. कँटोन्मेंटातल्या पोराला युरोपचं चित्रदालन दुसरं कोण दाखवणार होतं?

अशा चित्रांतलं सर्वांत भटकं म्हणजे राफाएलची 'सिस्टीन मॅडोना'. पोप दुसरा ज्युलियस यानं १५१२ मध्ये ते पियाचेन्झाच्या सान सिस्तो चर्चच्या वेदीसाठी सांगितलं. अडीच मीटरांहून उंच कॅनव्हास. हिरवे पडदे बाजूला सारलेले, ढगांवरून मेरी बाळाला घेऊन चालत येते. डावीकडचा संत सिक्स्टस चित्राबाहेर बोट दाखवतो. काही अभ्यासकांच्या मते समोर क्रूस होता, त्याकडे. हे खरं धरलं तर चित्र जागेवरून हललं तेव्हाच त्या बोटाचा अर्थ गेला. १७५४ मध्ये ते सॅक्सनीच्या शासकानं विकत घेऊन ड्रेस्डेनला नेलं. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी मॉस्कोला नेलं, १९५५ मध्ये परत केलं, आणि त्याच वर्षअखेर पूर्व जर्मनीनं ते तिकिटावर छापलं. देव न मानणाऱ्या राजवटीनं मेरीचं तिकीट काढावं ते भक्तीपोटी नव्हे. मॉस्कोच्या उपकाराची ती पावती होती.

भारतानं वेदीचित्र नव्हे, छत निवडलं. १९७५ च्या जूनअखेरीस, आणीबाणी नुकतीच लागलेली असताना, मायकेलअँजेलोच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त पन्नास पैशांची चार तिकिटं एकत्र जोडून निघाली: सिस्टीन चॅपेलच्या छतावरचे विश्वनिर्मितीचे प्रसंग. योगायोग असा की ते छतही याच ज्युलियसनं रंगवून घेतलेलं, आणि मॅडोना सांगितली त्याच १५१२ मध्ये पुरं झालेलं.

वेदीवरच्या मेरीचं वेगळंच नशीब बेंगळुरूतच पाहायला मिळतं. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकातली मेरी साडी नेसते, आणि ८ सप्टेंबरच्या सणाला तिची मिरवणूक निघते. दर्शनाला हिंदू-मुसलमानही येतात. ती मूर्ती अजून कामावर आहे. राफाएलची मेरी मात्र केव्हाच सेवानिवृत्त झाली; आता तिच्यापुढे कुणी गुडघे टेकत नाही, तिकीट काढून आत यावं लागतं.

राफाएलच्या चित्राला सर्वांत मोठी कातर लागली ती १९९५ मध्ये. चित्राच्या तळकाठावर हनुवटी टेकून बसलेली कंटाळलेली दोन देवदूत बाळं अमेरिकी टपाल खात्यानं उचलून प्रेमपत्रांच्या तिकिटांवर बसवली. मेरी गेली, संत गेले, वेदी तर कधीच गेली होती. मला हे तिकीट आवडत नाही, पण लोकांना आवडलं, हे कबूल करायला हवं.

२०१२ मध्ये चित्राला पाचशे वर्षं झाली, तेव्हा जर्मनी आणि व्हॅटिकननं मिळून तिकीट काढलं. ज्या पोपच्या गादीनं चित्र सांगितलं, तिच्याच टपाल खात्याला आता त्यासाठी जर्मनीशी भागीदारी करावी लागली. पियाचेन्झाच्या त्या चर्चमध्ये आज नक्कल टांगलेली आहे.