चहा, चतुःसीमा आणि सेनापती

१९८८ साल असेल. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शाखेत मी मॅनेजर होतो. तो मुलूखच सैनिकांचा. नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला द्यायला लष्करी पेन्शनरांची रांग शाखेच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर येई. त्या रांगेत मराठा पॅराशूट पलटणीतले एक निवृत्त हवालदार असत. सही झाल्यावर ते लगेच उठत नसत, समोरच्या खुर्चीत बसून एखादी आठवण सांगत. एकदा म्हणाले, "सायेब, आमी कोरियात येगळीच ड्यूटी केली. बंदूक हातात, पन चालवायची न्हाई. आन् आमच्या जनरलसायबानं नुसता चा पिऊन एक मेजर सोडवून आनला!"

मला ती थाप वाटली. पुढे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या आठवणी वाचल्या, तेव्हा मनातल्या मनात हवालदारांची माफी मागितली.

हे थोरात कोल्हापूरजवळच्या वडगावचे. १९५३ मध्ये कोरियातले युद्ध थांबले, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया एका बाजूला, स्वीडन आणि स्वित्झर्लंड दुसऱ्या बाजूला, मध्ये भारत. कैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका राग, की भारतीय सैनिकांचे पाय आपल्या भूमीला लागू नयेत असा त्यांचा हट्ट. शेवटी आपल्या जवानांना समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून लष्करमुक्त पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून ओलीस धरले. थोरात मोजकी माणसे घेऊन आत शिरले. भोवती हजारोंचा जमाव, आरडाओरडा. चिनी माणसे आतिथ्यशील असतात असे ऐकून होतो, पण इथे आम्हाला कोणी साधा चहा, सिगारेटही विचारत नाही, असे काहीतरी ते बोलले. जमाव क्षणभर गोंधळला. मग चहा आला, सिगारेटी आल्या, आणि थोड्या वेळाने मेजरही. या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र (वर्ग दोन) मिळाले.

पण दर वेळी चहाने भागले असे नाही. काही दिवसांतच, ऑक्टोबरच्या आरंभी, दंगलीत आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. तरीही कैद्यांना बळजबरीने कोणापुढे उभे करायचे नाही, हा निर्णय थिमय्यांनी सोडला नाही. उत्तरेकडचे संतापले. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी कैदी ज्याचे त्याच्या ताब्यात परत दिले, पण त्यांना 'मुक्त नागरिक' जाहीर करायला नकार दिला, तेव्हा अमेरिकनही नाराज झाले. दोन्ही पक्ष सारखेच नाराज असले की लवादाचे काम बरे झाले, असे आम्ही बँकवाले वसुलीच्या तडजोडीतही मानतो.

थोरात आणि थिमय्या यांनी ही विद्या शिकली कुठे? कुठेच नाही. ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत दोघांनीही आपापल्या पलटणीचे नेतृत्व केले होते. ती विद्या वेगळी. कोरियात जे दिसले ते स्वभावातून आले. देशाचे नशीब की माणसे तशी निघाली. पण कर्जाला तारण म्हणून नशीब चालत नाही, हे मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो आहे.

नशिबाने साथ दिली नाही तर काय होते, याचाही कागद उपलब्ध आहे. २७ जुलै १९४९ चा कराची करार. काश्मीरमधली युद्धबंदी रेषा आखणारा हा करार दोन्ही देशांच्या लष्करी प्रतिनिधींनी, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगासमोर केला. आपल्या बाजूने सही लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांची. मी तो करार पहिल्यांदा वाचला तो बँकेतल्या सवयीने, म्हणजे गहाणखत वाचावे तसा. गहाणखतात आम्ही आधी चतुःसीमा पाहतो. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. एक बाजू मोघम असली तर वकील कागद परत पाठवतो. या करारात रेषा गावागावांतून, नाल्यानाल्यांतून काटेकोर येते, आणि पुढे 'एनजे ९८४२' म्हणून ओळखल्या गेलेल्या बिंदूपाशी येऊन म्हणते: तेथून उत्तरेस हिमनद्यांकडे. बस्स.

त्या उंचीवर कोण मरायला जाणार, असा विचार तेव्हा कोणी केला असेल तर तो अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. पण १९७२ मध्ये, सिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखायला पुन्हा दोन्हीकडचे लेफ्टनंट जनरल बसले, आपले प्रेमिंद्रसिंग भगत आणि पाकिस्तानचे अब्दुल हमीद खान. नकाशांवर बारकाईने रेघ ओढली गेली आणि पुन्हा त्याच बिंदूपाशी थांबली. १३ एप्रिल १९८४ रोजी 'मेघदूत' मोहिमेत आपले जवान सियाचीनवर उतरले. तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी अधिक बळी घेतले. हे सारे त्या चार शब्दांमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. पण ते शब्द नसते तर वादाला जागा कमी उरली असती, एवढे कोणताही दस्तलेखक सांगेल.

हवालदारांनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता. "येवढं केलं कोरियात, पन दिल्लीनं काय केलं हो त्येंचं?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. चिनी जमावातून माणूस सोडवून आणणारे थोरात आणि पाच राष्ट्रांना एका टेबलाशी धरून ठेवणारे थिमय्या, हे दोघेही दिल्लीत हरले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बढत्यांवरून आणि इतर बाबींवरून बिनसले, तेव्हा लष्करप्रमुख थिमय्यांनी १९५९ च्या ऑगस्टअखेर राजीनामा दिला. नेहरूंनी समजावले, त्यांनी तो परत घेतला. बातमी फुटली आणि २ सप्टेंबरला संसदेत नेहरूंनी जाहीरपणे त्यांचेच कान उपटले. राजीनामा हा एकदाच वटणारा चेक आहे. तो देऊन परत घेतला की खात्यावरची पत जाते. थिमय्यांबद्दल नितांत आदर असूनही, ही त्यांची चूक होती असेच मला वाटते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पूर्व विभागाचे प्रमुख असलेल्या थोरातांनी नेफामध्ये चीन काय करील याचे टिपण पाठवले. पुढच्या वर्षी लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच दाखवून दिले. मेनन यांनी आम्हाला युद्धखोर ठरवले आणि नेहरूंनी ते टिपण १९६२ च्या पराभवानंतरच पाहिले, असे थोरातांनी लिहून ठेवले आहे. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी थोरात आले नाहीत.

दिल्लीची बाजूही पाहायला हवी. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात जनरल अयूब खान सत्तेवर बसले होते. शेजारच्या घरात चोरी झाली की आपणही रात्री दोनदा कडी पाहतो. राजकारण कळणारा सेनापती म्हणजे उद्या राजकारण करणारा सेनापती, ही भीती तिथून आली. माझ्या मते भीती समजण्यासारखी होती, तिच्यावरचा इलाज मात्र चुकला. मंत्र्याच्या मनात काय आहे हे ओळखणे, त्याला नको असलेली गोष्ट त्याच्या गळी उतरवणे आणि तरीही शेवटचा शब्द त्याचाच मानणे, हे राजकारण नव्हे. ते वरिष्ठ अधिकाऱ्याचे रोजचे काम आहे.

मी स्वतः या कामात नापास झालेलो आहे. एका मोठ्या कर्जप्रकरणावर मी अकरा पानी धोक्याचे टिपण लिहिले होते. कोणी ते वाचले नाही, कर्ज बुडाले. वर्षानुवर्षे मी वरिष्ठांना दोष देत राहिलो. निवृत्तीनंतर एकदा ती प्रत काढून पाहिली. मुख्य धोका सातव्या पानावर होता. थोरातांच्या टिपणाला हा दोष लावता येणार नाही, पण वर पोहोचण्याची विद्या असते आणि ती शिकावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

शिकवण्याची सोय अजिबात नाही असे नाही. १९६० मध्ये, म्हणजे 'लाल किला'च्याच वर्षी, दिल्लीत नॅशनल डिफेन्स कॉलेज निघाले. ब्रिगेडिअरच्या हुद्द्याचे अधिकारी तिथे जवळजवळ वर्षभर सनदी आणि परराष्ट्र सेवेतल्या लोकांबरोबर, मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांबरोबर शिकतात. चांगलेच आहे. पण तोवर माणूस पंचेचाळिशी ओलांडतो. त्या वयात पोहायला शिकणारे लोक मी पाहिले आहेत, ते काठ सोडत नाहीत. मेजर असतानाच दोन वर्षे परराष्ट्र खात्यातल्या टेबलावर बसवावे, मसुदे लिहायला लावावेत, आणि त्या बदल्यात खात्यातल्या तरुणांनी एक हिवाळा लडाखमध्ये काढावा, असे मला वाटते.

लडाखमध्ये हा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखतच उभा राहिला. ६ जून २०२० रोजी आपले कोअर कमांडर चिनी जनरलसमोर बोलणीला बसले. नऊ दिवसांनी गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. बोलणी पुन्हा सुरू झाली. सप्टेंबरातल्या सहाव्या फेरीत परराष्ट्र खात्याचा सहसचिव पहिल्यांदा जनरलच्या शेजारी येऊन बसला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत एकवीस फेऱ्या झाल्या आणि गस्तीविषयीची सहमती ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. त्या टेबलाशी बसलेल्या लेफ्टनंट जनरलांना दर शब्द तोलावा लागला असणार. पहिल्या पाच फेऱ्यांत ती खुर्ची रिकामी का होती, हे मात्र कोणीतरी विचारायला हवे.