अध्ययन-संचिकेतील अंकीय कार्यपुस्तिका : गिरणगावच्या साहित्याच्या अभ्यासाच्या अनुषंगाने

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याचा निबंध परीक्षकाच्या हाती येतो तो पूर्ण झालेल्या रूपात. तो लिहीत असताना कोणते मत बदलले, कोणता पुरावा बाजूला ठेवला, कोणत्या वाक्याशी अभ्यासक अडखळला, हे त्यातून क्वचितच समजते. अंकीय कार्यपुस्तिकेचे प्रयोजन नेमके येथे आहे. अध्ययन-संचिका म्हणजे विद्यार्थ्याने निवडून, क्रम लावून मांडलेले आपले काम. कार्यपुस्तिका म्हणजे त्या कामाची दिनांकासह ठेवलेली कच्ची नोंद. संचिकेत निवड महत्त्वाची, तर कार्यपुस्तिकेत सातत्य. या दोहोंत गल्लत झाली की संचिका ही केवळ प्रमाणपत्रांची फाइल होते.

संगणकीय संचिकेची कल्पना आता नवी राहिलेली नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली ‘महारा’ ही मुक्त प्रणाली याच हेतूने आकारास आली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘विचार करणे’ असा आहे. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका अंतिम परीक्षेऐवजी सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिल्यानंतर या साधनाकडे महाविद्यालयांनी गांभीर्याने पाहणे क्रमप्राप्त ठरते. मात्र साहित्याच्या अभ्यासात त्याचा उपयोग कसा करावयाचा, हे प्रत्यक्ष उदाहरणाने पाहणे उचित होईल.

परळ-लालबाग परिसरातील एखाद्या विद्यार्थिनीने जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक अभ्यासासाठी घेतले, असे मानू. तिची पहिली नोंद बहुधा ‘हे गिरणी संपावरील नाटक आहे’ अशी असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप या नाटकाची पार्श्वभूमी आहे, हे खरेच. परंतु दुसऱ्या वाचनात तिच्या ध्यानी येते की रंगमंचावर गिरणी नाही, घर आहे. आणि नाटक संपानंतर पंधरा वर्षांनी आले आहे. पुढे मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी व नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह वाचल्यावर प्रश्नच बदलतो : कामगार हा लढणारा समूह म्हणून येतो की विस्कटत जाणारे कुटुंब म्हणून? अंतिम निबंधात हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात सहज सुचल्यासारखा दिसेल. तो तीन टप्प्यांनी सिद्ध झाला, याची साक्ष केवळ कार्यपुस्तिका देते. म्हणूनच पहिली, चुकलेली नोंद पुसू नये. तिच्याखाली नवी नोंद करावी.

मराठी अभ्यासकापुढे लिपीचाही प्रश्न आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर त्या फाँटवाचून निरर्थक दिसतो व शोधात सापडत नाही. युनिकोडमध्येही ‘आचाऱ्याला’ या रूपातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना रूप एकच दिसते, यंत्राला मात्र दोन भिन्न शब्द दिसू शकतात. आणि चिन्ह गळाले तर ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ होऊन स्वयंपाक्याचा गुरू होतो. वर्गाने आरंभीच एक टंकनपद्धती ठरवून घेतली, तर वर्षभराच्या नोंदी एकत्र शोधता येतात.

याहून नाजूक प्रश्न मुलाखतींचा आहे. चाळीतील वृद्ध कामगाराने घरगुती विश्वासाने सांगितलेली हकिगत संचिकेत सर्वांना दिसू लागली, तर तो विश्वासभंग ठरतो. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु कायद्यापूर्वीही हा नीतीचाच प्रश्न होता. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, नाव गाळावे, ध्वनिमुद्रण कार्यपुस्तिकेच्या खाजगी भागात ठेवावे आणि संचिकेत केवळ आवश्यक तेवढाच अंश घ्यावा.

अध्यापकाची भूमिकाही येथे बदलते. प्रणाली लेखनाच्या पूर्वावृत्त्या जतन करते, म्हणून ती चौर्य पकडण्याचे साधन समजण्याचा मोह होतो. पूर्वावृत्तीवरून मजकूर केव्हा बदलला हे कळते. विचार कोणाचा होता, हे कळत नाही. शिवाय आपल्या प्रत्येक खाडाखोडीवर नजर आहे असे वाटले, तर विद्यार्थी चुकीची शक्यता लिहिणारच नाही. म्हणून कच्च्या नोंदींना गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याने त्यांतील तीन-चार नोंदी स्वतः निवडाव्यात, मत का बदलले याचे पृष्ठभर विवेचन लिहावे, आणि गुण त्या विवेचनास द्यावेत. अध्यापकाचा अभिप्रायही निबंध पूर्ण होण्यापूर्वी यावा. एरवी तो निरुपयोगी.

दहा बाय बाराच्या खोलीत भ्रमणध्वनीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करून पृष्ठे हलकी ठेवणे आणि हस्तलिखित वहीचे छायाचित्रही ग्राह्य मानणे, ही किमान न्यायाची बाब आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९८) बसून पेन्सिलीने काढलेले टिपण कमी प्रतीचे ठरत नाही. शेवटी, पदवीनंतर महाविद्यालयाचे खाते बंद होते, तेव्हा वर्षभराच्या नोंदीही हातच्या जातात. त्या सर्व नोंदी उघडता येतील अशा साध्या स्वरूपात विद्यार्थ्याच्या हाती सोपविणे, हे विभागाचे कर्तव्य मानले पाहिजे. कारण पुढील संशोधनाचा आरंभ अनेकदा निबंधातून गाळलेल्या नोंदीतूनच होत असतो.